छोटा मिररलेस कॅमेरा आणि स्वतःची शैली: कामाचा क्रम कसा लावायचा

शैली सापडत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांच्या कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी कुणाचा तरी प्रीसेट (रंग-उजेडाची तयार सेटिंग) उतरवून घेतला जातो, तो चार वर्षांच्या सगळ्या फोटोंवर चढवला जातो, मग दुसरी लेन्स येते आणि सहा महिन्यांनी प्रीसेटही बदलतो. फोटोंना रंग सारखा येतो, पण ते एकाच माणसाने काढलेत असं काही वाटत नाही. कुठे उभं राहायचं, किती जवळ जायचं, कोणत्या उजेडात कॅमेरा उचलायचा आणि काढलेल्यातलं काय ठेवायचं, हे चार निर्णय दर वेळी वेगळे झालेले असतात. हेच निर्णय पुन्हा पुन्हा एका रीतीने घेतले गेले की शैली दिसू लागते. रंगाची पाळी त्यानंतर येते.

पुढचं काम साधारण १४ आठवड्यांचं आहे. लागणारं सामान थोडं: हाताशी असलेला कोणताही छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), एक लेन्स, दोन बॅटऱ्या, ६४ जीबीचं एक कार्ड, खिशात मावणारी वही आणि ४×६ इंची प्रिंट काढून देणारी जवळची लॅब. नवीन कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर तो हे काम संपेपर्यंत थांबवा. मध्येच साधन बदललं की आधीच्या आठवड्यांची तुलना निरुपयोगी होते.

## १. जुन्या फोटोंचा हिशेब (आठवडा १)

गेल्या वर्षभरातले फोटो उघडा आणि त्यातून ६० निवडा. निवडताना लाइक मोजू नका. पुन्हा पाहावासा वाटतो तो घ्या, एवढाच निकष पुरे. हे ६० फोटो ४×६ आकारात छापून आणा. पडद्यावर एकामागून एक पाहिले तर प्रत्येक फोटो स्वतंत्र दिसतो. जमिनीवर ६० एकत्र मांडले की सवयी दिसतात, आणि आपल्याला सवयीच शोधायच्या आहेत.

प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने पाच नोंदी करा:

- विषयापासून अंदाजे अंतर, मीटरमध्ये
- कॅमेऱ्याची उंची: डोळ्याला, छातीला, कमरेला की जमिनीलगत
- उजेड समोरून, बाजूने की मागून
- चौकट आडवी की उभी
- माणूस आहे का, आणि चेहरा दिसतो का

झूम लेन्सने काढलेल्या फोटोंची फोकल लेंथही (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं पाहते ते सांगणारा मिमीमधला आकडा) पाहा. लाइटरूममध्ये मेटाडेटाच्या फिल्टरने ती लगेच कळते. डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअरही दाखवतं. कोणता आकडा जास्त वेळा येतो ते वहीत लिहा.

आता मोजदाद करा. ६० पैकी ३८ फोटो आडवे, ४१ बाजूच्या उजेडातले, ३० मध्ये माणूस पाठमोरा, असं काहीतरी हाती येईल. यातली काही पुनरावृत्ती आवडीतून आलेली असते, काही संकोचातून. पाठमोरी माणसं बहुधा संकोचातून येतात. दोन्ही लिहून ठेवा, निवाडा आत्ता करायचा नाही.

सावध: एकाच सहलीचे २० फोटो ६० मध्ये घुसले तर हिशेब बिघडतो. एका दिवसाचे जास्तीत जास्त चार.

## २. एक लेन्स ठरवा, अंतर पाठ करा (आठवडा २)

एकाच फोकल लेंथवर राहण्याचं कारण सरळ आहे. लेन्स बदलत राहिली की अंतर बदलतं, अंतर बदललं की पुढच्या-मागच्या वस्तूंच्या आकाराचं नातं बदलतं, आणि फोटोंमधला सारखेपणा तिथेच विरतो. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम ५० मिमी लेन्सवर केलं. त्यांचाच आकडा तुम्हाला लागू पडेल असं नाही, पण एकाच लेन्सवर राहिल्याने नजरेला चौकटीचं माप आधीच कळू लागतं.

छोट्या कॅमेऱ्यांत सेन्सर बहुधा दोन प्रकारचे सापडतात. एपीएस-सी सेन्सरवर फोकल लेंथला १.५ ने गुणा (कॅननमध्ये १.६ ने) आणि मायक्रो फोर थर्ड्सवर २ ने. म्हणजे एपीएस-सीवरची २३ मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्सवरची १७ मिमी या दोन्ही फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) साधारण ३५ मिमीसारखं पाहतात.

कोणती घ्यायची ते पहिल्या टप्प्यातला हिशेब सांगेल. झूमवर तुम्ही सतत १६-१८ च्या आसपास असाल तर तिकडची, ३५ च्या पुढे असाल तर तिकडची. निर्णय होत नसेल तर २३ घ्या. गल्ली, घर, बाजार, सगळीकडे ती चालते.

वेगळी लेन्स विकत घेण्याची गरज नाही. किट लेन्सची (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सची) झूम रिंग ठरलेल्या आकड्यावर आणून कागदी चिकटपट्टीने बांधा. पॉवर झूम (मोटरने चालणारा झूम) असलेली किट लेन्स मात्र कॅमेरा बंद-चालू केला की बहुधा पुन्हा रुंद टोकाला जाते, तिथे पट्टीचा उपयोग नाही. अशा वेळी ते रुंद टोकच आपली फोकल लेंथ मानून काम करा.

आता अंतर. एपीएस-सी कॅमेरा आडवा धरला आणि उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा ठेवून बसवायचा, तर १६ मिमीला साधारण २ मीटर लागतात, २३ ला ३ मीटर, ३५ ला साडेचार. कमरेच्या वरचा भाग हवा असेल तर याच्या निम्मं. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात टेपने हे अंतर मोजा, खडूने खुणा करा, घरातल्या कुणाला तिथे उभं करा आणि कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकटीत काय येईल ते तोंडाने सांगा. मग लावून पाहा. तीन दिवस, रोज १५ मिनिटं.

तपासणी: दहापैकी आठ वेळा अंदाज बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक गाळतात, आणि मग रस्त्यावर पुढे-मागे सरकण्यात क्षण जातो.

## ३. कॅमेरा लावून ठेवा (आठवडा ३)

छोट्या बॉडीवर डायल कमी असतात, मेनू खोल असतो. रस्त्यावर उभं राहून मेनूत शिरायची वेळ आली तर मांडणी चुकलेली आहे. दोन मांडण्या करून सी१ आणि सी२ मध्ये (स्वतःच्या सेटिंग साठवण्याच्या कॅमेऱ्यातल्या जागांमध्ये) साठवा.

सी१, दिवसासाठी: ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/८. ऑटो आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते कॅमेरा ठरवतो), कमाल ६४०० (मायक्रो फोर थर्ड्सवर ३२००). ऑटो आयएसओमधला किमान शटर स्पीड १/२५०. चालणारा माणूस यात थांबतो. पळणारं मूल किंवा उधळला जाणारा गुलाल पकडायचा तर १/५०० लागतो.

सी२, संध्याकाळ आणि आतल्या जागेसाठी: लेन्सचं सर्वांत मोठं ॲपर्चर किंवा त्याच्या एक पायरी अलीकडचं, शटर १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/२५० ला एका फोटोत दुकान उजळ आणि पुढच्यात मळकट पिवळं येतं. १/१०० किंवा १/५० ठेवलं की हा त्रास जवळपास जातो.

दोन्ही मांडण्यांत शटर मेकॅनिकल ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही म्हणून मोह होतो, पण तो सेन्सर ओळीओळीने वाचतो. एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि धावती रिक्षा तिरकी होते.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरा कशाला मानायचं ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. चौकटीत पिवळी भिंत आली की ऑटो निळसर होतो, दुकानाचा निळा शटर आला की पिवळट होतो, आणि एकाच गल्लीतले दहा फोटो दहा रंगांचे निघतात. दिवसासाठी ५५०० केल्विन कायम करा. सावलीत फोटो थोडे निळे येतील, संध्याकाळी दिव्यांखाली केशरी येतील. येऊ द्या, ती त्या वेळेची खूण आहे. फाईल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) असल्याने नंतर बदलताही येतं.

फाईल रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवा आणि पुढच्या टप्प्यातल्या पहिल्या पाच आठवड्यांसाठी जेपेग कृष्णधवल करा. फुजीत ते फिल्म सिम्युलेशनमध्ये सापडेल, सोनीत क्रिएटिव्ह लुकमध्ये, निकॉनमध्ये पिक्चर कंट्रोलमध्ये, कॅननमध्ये पिक्चर स्टाइलमध्ये. व्ह्यूफाइंडरमध्ये रंग दिसला नाही की उजेड आणि आकार दिसतात. रॉ फाईलमध्ये रंग शाबूत राहतो. मिररलेसचा हा खरा फायदा आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात.

फोटो काढल्यावर तो आपोआप दिसण्याची सोय, म्हणजे इमेज रिव्ह्यू, बंद करा. झेब्रा किंवा हायलाइट इशारा (जास्त उजळून जळणारा भाग दाखवणारी खूण) चालू करा. घड्याळ आणि तारीख बरोबर लावा, नंतरची छाननी वेळेवरून करायची आहे.

फोकससाठी एक उपाय लक्षात ठेवा. गर्दीत ऑटोफोकस मधल्याच कुणाला तरी पकडतो. २३ मिमी, एफ/८, मॅन्युअल फोकस अडीच मीटरवर लावला तर साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ मिमीला तसं नाही: ३ मीटरवर लावला तर पट्टा साधारण २.२ ते ४.९ मीटर एवढाच मिळतो, तिथे ऑटोफोकस बरा.

सावध: भरदुपारी एफ/८, आयएसओ २०० ला शटर १/८०० च्या आसपास यायला हवा. याहून खूप वेगळा आकडा दिसला तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं (+ ने फोटो उजळ, - ने गडद करणारं) चाक खिशात फिरलेलं असतं. छोट्या बॉडीवर हे सतत होतं. बाहेर पडताना आधी ते चाक पाहा.

## ४. एक जागा, एक वेळ (आठवडे ४ ते ९)

जागा घराजवळची निवडा, दीड-दोन किलोमीटरच्या आत मावणारी. आठवडी बाजार, एसटी स्टँडचा परिसर, मंडईभोवतालच्या गल्ल्या, नदीचा घाट, गिरणगावातल्या चाळींचा रस्ता, मासे उतरवण्याचा धक्का. परदेशात असाल तर रोजची बसची वाट किंवा शनिवारचा भाजीबाजारही तेवढाच चांगला. पर्यटनस्थळ नको. तिथे जागा स्वतःच एवढी बोलते की तुमचे निर्णय दिसत नाहीत.

आठवड्यातून दोन फेऱ्या, प्रत्येकी दीड तास, दर वेळी त्याच वेळेला. एका फेरीत जास्तीत जास्त ८० फोटो. ही मर्यादा कडक पाळा. ८० नंतर कॅमेरा पिशवीत घालून उरलेला वेळ नुसतं पाहा.

वेळ ठरवताना ऋतू बघा. पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि नऊ-साडेनऊपर्यंत उजेड तिरका, मऊ राहतो. मेअखेरीस तो सहाच्या सुमारास उगवतो आणि आठलाच सावल्या काळ्या ठिक्कर पडू लागतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे उजेड दिवसभर सपाट असतो. म्हणून मेमध्ये सुरू केलेलं काम जुलैत तसंच दिसेल अशी अपेक्षा धरू नका. सहा आठवडे शक्यतो एकाच ऋतूत बसवा.

### आठवड्यागणिक एकच गोष्ट

या सहांपैकी पहिले दोन आठवडे, अंतर. पहिल्या आठवड्यात सगळे फोटो तीन मीटरवरून. दुसऱ्या आठवड्यात सगळे दीड मीटरवरून. दीड मीटरवर न बोलता फोटो काढता येत नाही, आणि तेच हवं आहे. भाजीवाल्या मावशींशी आधी बोला, काही घ्या, विचारा, मग काढा. त्यांनी नको म्हटलं तर कॅमेरा खाली, हुज्जत नाही. मुलांचे फोटो पालकांना विचारूनच. देवळात गाभाऱ्याजवळ किंवा जिथे मनाईची पाटी असेल तिथे कॅमेरा काढायचा नाही. पुढच्या फेरीला त्या माणसांचे प्रिंट नेऊन द्या. सहा आठवडे त्याच जागी जायचं आहे, लोकांनी तुम्हाला ओळखलं पाहिजे.

या दोन आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले की कोणतं अंतर तुमचं आहे ते बहुधा कळतं. काहींचे दीड मीटरवरचे चेहरे ताठरलेले येतात आणि तीन मीटरवर माणूस आपल्या जागेसकट नीट बसतो. काहींचं बरोबर उलटं होतं.

तिसरा आणि चौथा आठवडा, उजेडाची दिशा. एका आठवड्यात फक्त बाजूचा उजेड, दुसऱ्यात फक्त मागून येणारा. इथे मीटरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाचं, वागणं समजून घ्या, कारण सर्वाधिक फोटो इथेच बिघडतात. मीटर जे समोर दिसेल त्याला मधला करडा समजतो. चौकट पांढऱ्या धोतर-टोप्यांनी भरली असेल तर तो ती मळकी करतो, म्हणून +०.७ ते +१. काळ्या पाषाणाच्या देवळाची भिंत चौकट भरून असेल तर तो तिला धुरकट करडी करतो, म्हणून -०.७. मात्र काळ्या ओवरीत एकच पांढरा सदरा उन्हात उभा असेल तर नियम उलटतो. मीटर काळोख पाहून एक्स्पोजर वाढवतो आणि सदरा जळतो. तिथे -१ किंवा त्याखाली जा आणि काळोख काळाच राहू द्या.

हळद, झेंडू आणि गुलाल यांची वेगळी अडचण आहे. उन्हात लाल रंगाचा चॅनेल आधी भरतो, तर एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) मात्र ठीक दिसतो. झेंडूच्या ढिगातल्या पाकळ्या सपाट केशरी डाग होतात आणि नंतर त्या परत येत नाहीत. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) असेल तर तोच लावा, नसेल तर अशा विषयांना -०.७ द्या.

सावध: जेजुरीचा भंडारा किंवा विसर्जनाचा गुलाल हवेत असताना लेन्स काढू नका. छोट्या मिररलेसमध्ये लेन्स काढली की बहुतेक बॉडींमध्ये सेन्सर उघडाच असतो. घरी आल्यावर एफ/१६ ला पांढऱ्या आकाशाचा फोटो काढून डाग तपासा, ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका.

पाचवा आठवडा, कडा. विषय विसरा, आधी पार्श्वभूमी निवडा: एक भिंत, एक दार, सावलीचा एक पट्टा. चारही कडांवरून नजर फिरवा, मग माणसाची वाट पाहा. अर्धा कापलेला हात, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कोपऱ्यातली पांढरी प्लास्टिकची पिशवी या चुका कडांकडे न पाहिल्याने होतात. एका जागी पाच ते सात फोटो घ्या आणि दर वेळी एकच गोष्ट बदला: अर्धं पाऊल डावीकडे, गुडघा टेकून, माणूस दारातून निघताना.

सहावा आठवडा मोकळा. जेपेग पुन्हा रंगीत करा आणि काही न ठरवता फिरा.

तपासणी: दर फेरीनंतर वहीत दोन ओळी: कुठे थांबलात आणि काय टाळलंत. टाळलेल्याची नोंद पुढे जास्त कामाला येते.

पावसाळ्यात आणि कोकणात एक जास्तीचं काम आहे. फेरीहून आल्यावर कॅमेरा लगेच बंद पिशवीत कोंबू नका. कोरड्या फडक्याने पुसून तासभर उघडा ठेवा, मग सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आत स्वस्तातलं आर्द्रतामापक ठेवून ४० ते ५० टक्के राखा. लेन्सला बुरशी लागली की फोटोंचा कॉन्ट्रास्ट हळूहळू मरतो आणि लोक त्याचा दोष एडिटिंगला देत बसतात.

## ५. निवड (आठवडे १० आणि ११)

शैली प्रत्यक्षात इथे घडते. कॅमेऱ्याच्या मागे घालवलेल्या वेळेइतकाच वेळ या टप्प्याला द्या.

आधी आठवडाभर काहीच करू नका. फोटो काढताना झालेली धावपळ, कुणाशी झालेलं बोलणं, मिळालेला चहा, हे सगळं ताज्या फोटोला चिकटलेलं असतं. पाहणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.

हाती साधारण ९०० फोटो असतील. पहिल्या फेरीत लघुचित्रं लहान ठेवून वेगाने जा आणि १२० ठेवा. लहान आकारात मांडणी दिसते, तपशील फसवत नाही. दुसऱ्या दिवशी १२० चे ५० करा. हे ५० छापा, सगळे कृष्णधवल आणि सगळे ४×६.

आता जमिनीवर पसरून ढीग करा. विषयावरून ढीग करायचे नाहीत, कारण फुलवाल्यांचा ढीग आणि हमालांचा ढीग तुम्हाला बाजाराबद्दल सांगतील, तुमच्याबद्दल नाही. रचनेवरून करा: मोकळी जागा कुठे आहे, उजेड कुठून येतो, माणसं एकमेकांना झाकतात की सुटी उभी आहेत, क्षितिज वर आहे की खाली, चौकट शांत आहे की गच्च भरलेली. दोन-तीन ढीग मोठे होतील. त्यातला एक बहुधा अनपेक्षित असतो, तोच नीट पाहा.

मग ज्या फोटोंना किस्सा सांगावा लागतो ते बाजूला काढा. ‘हे आजोबा चाळीस वर्षं इथे बसतात’ हे वाक्य फोटोत दिसत नसेल तर तो फोटो पाहणाऱ्यासाठी एका बसलेल्या आजोबांचा आहे. हा भाग जड जातो. म्हणून एका विश्वासू माणसाला बोलवा, छायाचित्रकार असण्याची गरज नाही, आणि फक्त एवढंच सांगा: ‘यातले दहा काढून टाक.’ त्याने काढलेल्यांतला एखादा परत घ्यावासा वाटला तर कारण वहीत लिहूनच घ्या.

शेवटी २० राहिले पाहिजेत. ढिगात न बसणारा एखादा अतिशय सुंदर सूर्यास्त असेलच. त्याला वेगळ्या पाकिटात ठेवा. तो चांगला आहे, फक्त या कामातला नाही.

सामान्य चूक: २० पैकी प्रत्येक फोटो वेगळ्या तऱ्हेने चांगला असावा असं पाहणं. स्पर्धेसाठी ते ठीक. इथे एकमेकांना बळ देणारे फोटो हवेत, मग एकटा पाहिल्यावर त्यातला एखादा साधा वाटला तरी चालेल.

## ६. पाच ओळींचा नियम आणि त्याची परीक्षा (आठवडे ११ ते १४)

वीस प्रिंट समोर ठेवून पाच ओळी लिहा. तीन मी करतो त्या, दोन मी करत नाही त्या. उदाहरण म्हणून एक संच:

- तीन मीटरवरून, छातीच्या उंचीवरून
- बाजूचा उजेड, सावली काळी राहू देतो
- चौकटीचा तिसरा हिस्सा तरी रिकामा
- हसून कॅमेऱ्याकडे पाहणारा चेहरा ठेवत नाही
- उभी चौकट घेत नाही

‘भावना टिपतो’, ‘खरं जीवन दाखवतो’ असल्या ओळी खोडा. ज्या ओळीवरून पुढच्या फेरीत कुठे उभं राहायचं ते कळत नाही, ती ओळ निरुपयोगी. पहिल्या टप्प्यातला हिशेब आता शेजारी ठेवा. तिथली जी सवय इथेही टिकली ती बहुधा तुमची स्वतःची. जी गळाली ती संकोचाची किंवा साधनाची होती.

यानंतर साधारण तीन आठवडे हेच नियम घेऊन वेगळ्या जागी जा. बाजारात काम केलं असेल तर आता एखाद्या घरात, कारखान्यात, समुद्रकिनारी. नियम तिथे टिकला तर तो तुमचा. फक्त बाजारातच टिकत असेल तर ती त्या जागेची शैली होती. एखादी ओळ बदलावी लागेल, ती बदला. पाचही बदलाव्या लागल्या तर पाचव्या टप्प्यावर परत या, निवड घाईत झाली आहे.

तपासणी: तुमचे दहा आणि एखाद्या मित्राचे तशाच विषयाचे दहा फोटो, सगळे कृष्णधवल आणि एकाच आकारात छापलेले, पिसून तिसऱ्या माणसाला द्या. दोन गठ्ठे करायला सांगा. तुमच्या दहापैकी सात-आठ एका गठ्ठ्यात आले तर पुढे जा. कृष्णधवल अशासाठी, की रंगाच्या आधारावर त्याला ओळखता येऊ नये.

## ७. आता रंग (आठवडा १४)

प्रीसेट वापरू नका असं नाही. तो इतक्या उशिरा यायला हवा, एवढंच. विकतचे बरेचसे प्रीसेट गोऱ्या त्वचेवर तयार केलेले असतात. त्यात केशरी रंगाचा उजळपणा वाढवलेला आणि रंगाचा दाटपणा (सॅच्युरेशन) कमी केलेला असतो. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यांवर तो चढवला की त्वचा राखाडी, खडू लावल्यासारखी दिसते, आणि त्याच दणक्यात झेंडू, हळद, भगवे ध्वज फिके पडतात, कारण त्वचा आणि झेंडू दोन्ही केशरीच्याच पट्टीत येतात. म्हणून आधी केशरीला हात लावू नका.

पाच संदर्भ फोटो निवडा: भरदुपारचा, सावलीतला, ट्यूबलाइटखालचा, मागून उजेड असलेला आणि सावळ्या चेहऱ्याचा जवळून घेतलेला. या पाचांवर एकच सेटिंग बसवायचं. क्रम असा: व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, हायलाइट, मग टोन कर्व्ह (गडद-उजळ भागांचं प्रमाण ठरवणारी वक्र रेषा), आणि शेवटी एखाद-दुसरा रंग. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी, कशातही हा क्रम चालतो. कर्व्ह आधी ओढला आणि एक्स्पोजर नंतर बदलला तर प्रत्येक फोटोला कर्व्ह पुन्हा करावा लागतो, आणि सारखेपणा जातो.

पाचांपैकी दोन फोटो फसले तर सेटिंग जास्त टोकाचं आहे. सगळे आकडे निम्म्यावर आणा आणि पुन्हा बघा. पाचांवर टिकेल असं सेटिंग नावासह साठवा, किमान वर्षभर बदलू नका.

छापायला देताना फाईल जेपेग, एसआरजीबी (सर्वसाधारण वापराचा रंगसंच). लॅबवाल्याला स्पष्ट सांगा: ‘करेक्शन नको.’ बऱ्याच लॅबमधली यंत्रं स्वतःहून फोटो उजळ करतात आणि तुम्ही जपलेली काळी सावली करडी होऊन येते. प्रिंट सतत काळपट येत असतील तर दोष बहुधा तुमच्या पडद्याचा आहे. लॅपटॉपचा उजेड पूर्ण ठेवून एडिट केलं की फोटो गडद राहतो. उजेड निम्म्यावर आणून एक ८×१२ प्रिंट काढा आणि खिडकीजवळ दिवसाउजेडी पडद्याशेजारी धरून जुळवा.

## ८. पुढे चालू ठेवताना

वीस फोटोंचा गठ्ठा रबर लावून डब्यात ठेवा. दर तीन महिन्यांनी नवीन कामातले दहा प्रिंट काढून त्याच्या शेजारी मांडा. नवा फोटो आत घ्यायचा असेल तर जुना एक बाहेर गेला पाहिजे, गठ्ठा वीसचाच राहील. बाहेर गेलेल्याच्या मागे तारीख आणि कारण लिहा. दुसरी लेन्स घेण्याचा विचार अशा चार फेऱ्या झाल्यावर करा, आणि तेव्हाही वहीत आधी शोधा: चिकटपट्टीच्या त्या आकड्यामुळे कोणते फोटो खरोखर हुकले. तसे पाचही सापडले नाहीत, तर पट्टी आहे तिथेच राहू द्या.